कायोटीच्या शिकारीसाठी पहिली रायफल : हजार डॉलरांत काय घ्यावं, कसं घ्यावं

कॅन्सस, टेक्सस, नेब्रास्का अशा अमेरिकेच्या मोकळ्या मुलखात घर झालं की शिकार फार दिवस परकी राहत नाही. ऑफिसातला एखादा सहकारी हिवाळ्यात दर शनिवारी कायोटीच्या मागे जातो. शेजारच्या रँचवर शेळ्या-मेंढ्या असतात आणि करडं जगवायची म्हणून मालक रात्र रात्र जागतो. तो एकदा सोबत नेतो आणि आपल्यालाही ओढ लागते. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बंदूक कधी नव्हतीच. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. त्यामुळे इथल्या मुलांना आजोबांकडून सहज मिळतं ते ज्ञान आपल्याला चाळिशीत, दुकानाच्या काउंटरवर उभं राहून मिळवावं लागतं. तिथे भिंतभर रायफली टांगलेल्या असतात आणि विक्रेता आकड्यांच्या भाषेत बोलत असतो.

हा लेख अशा नवख्यासाठी आहे. सावज मुख्यतः कायोटी, म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्यांचा अमेरिकी भाऊबंद, आणि कधीमधी फॉक्स किंवा बॉबकॅट. पैसे बेताचे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं त्या अंगाने वाचता येईल. पहिली रायफल .२२३ रेमिंग्टन काडतुसाची, साधी बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर हाताने खटका ओढायची) घ्या. खिशात एकूण हजार डॉलर असतील, तर त्यातले निम्म्याहून कमी रायफलीवर घाला. बाकीचे स्कोपला, म्हणजे रायफलीवर बसणाऱ्या दुर्बिणीला, काडतुसांना आणि सरावाला लागणार आहेत. जनावर पहिल्या गोळीत, त्रास न होता पडावं, एवढीच शिकाऱ्याची त्या जनावराप्रती जबाबदारी असते. ती महागड्या रायफलीने पार पडत नाही, सरावाने पार पडते.

आधी कागद, मग दुकान

रायफल बघायला जाण्यापूर्वी तुमचा इमिग्रेशनचा दर्जा काय आहे ते बघा. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांना संघीय कायद्याने रायफल घेता येते. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र बंदूक किंवा काडतूस विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे : अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीतला शिकार परवाना तुमच्याकडे असेल तर घेता येते. ‘मुदतीतला’ हा शब्द नीट वाचा. परवाना संपला आणि नवा काढला नाही, तर कपाटात कुलूपबंद पडलेली रायफलसुद्धा अडचणीत आणते. शिवाय काही राज्यांचे नियम संघीय नियमांपेक्षा कडक आहेत. व्हिसावर असाल तर इमिग्रेशन वकिलाची एक भेट घ्याच. ते पैसे रायफलीच्या खर्चातच धरा.

इथेच एक सल्ला ओळखीतून हमखास मिळतो : “माझ्या नावावर घेऊ, पैसे तू दे.” हे अजिबात करू नका. दुकानात जो ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा असतो, त्यात ‘खरा खरेदीदार तुम्हीच आहात का’ हे विचारलेलं असतं. दुसऱ्यासाठी त्याच्या पैशाने घेणं हा संघीय गुन्हा आहे. २०२२च्या कायद्याने त्याची शिक्षा १५ वर्षांपर्यंत नेली आहे. गुन्हा दोघांच्याही अंगावर येतो आणि ज्याचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, त्याचं तर सगळंच पणाला लागतं. त्याच फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न असतो. राज्यात परवानगी असली तरी संघीय कायदा ती मानत नाही, असा इशारा तिथेच छापलेला असतो.

फॉर्म भरला की दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून तुमची पडताळणी करून घेतो. बहुधा काही मिनिटांत काम होतं, कधी दोन-तीन दिवस थांबावं लागतं. आपल्या लोकांचं घोडं इथे दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे पत्ता : घर बदललं पण ड्रायव्हिंग लायसन्सवर जुनाच पत्ता राहिला. दुसरं म्हणजे नाव : पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, लायसन्सवर ते गायब, व्हिसाच्या कागदावर तिसरंच काही. दुकानात जाण्याआधी सगळी ओळखपत्रं एकमेकांशी ताडून पाहा.

मग हंटर एज्युकेशनचा कोर्स. कॅन्ससमध्ये १ जुलै १९५७ किंवा त्यानंतर, आणि टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो करावाच लागतो. म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांनाच. इतर राज्यांतही अशाच तारखा आहेत. कोर्स औपचारिकता म्हणून उरकू नका. शक्य असेल तिथे प्रत्यक्ष मैदानावरचा वर्ग निवडा. कुंपण ओलांडताना रायफल कशी उतरवायची, दोघं चालत असतील तर नळीचं तोंड कुठे असावं, या गोष्टी पडद्यावर बघून हातात उतरत नाहीत.

राज्याचे शिकारीचे नियमही खरेदीआधीच वाचा, कारण त्यांच्यामुळे रायफलीची निवड बदलू शकते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तांब्याची घ्यावी लागते. रात्रीची शिकार, इलेक्ट्रॉनिक कॉल (जनावराला जवळ बोलावणारा आवाज), मॅगझिनमधल्या काडतुसांची संख्या, सेमी-ऑटोमॅटिक (खटका न ओढता पुढची गोळी आपोआप भरणारी) चालते की नाही, हे सगळं राज्यागणिक वेगळं आहे.

काडतूस कोणतं

काडतुसांवर शिकारी मंडळी रात्रभर वाद घालू शकतात. नवख्याने त्यात फार पडू नये.

.२२३ रेमिंग्टन १९६४चं काडतूस. त्याची नेहमीची ५५ ग्रेनची गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅम भरते आणि सेकंदाला सुमारे ३,२४० फूट वेगाने निघते. कायोटीचं वजन साधारण २० ते ३५ पाउंड, पूर्वेकडे थोडं जास्त. एवढ्या जनावराला २०० यार्डांपर्यंत हे पुरून उरतं. धक्का इतका कमी की गोळी सुटल्यावरही स्कोपमध्ये जनावर दिसत राहतं, आणि आपला नेम कुठे लागला हे आपलं आपल्याला कळतं. नवखा माणूस धक्क्याच्या भीतीने चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा आवळतो. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. .२२३ वर शिकणाऱ्याला ती बहुधा लागतच नाही. शिवाय काडतुसं सगळीकडे मिळतात आणि सरावाची साधी काडतुसं इतर शिकारी काडतुसांच्या निम्म्या किमतीत येतात. माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण. स्वस्त काडतूस म्हणजे जास्त सराव.

.२२-२५० जास्त वेगवान आहे. तीच ५५ ग्रेनची गोळी ती सुमारे ३,६८० फुटांनी फेकते. पश्चिमेच्या उघड्या माळरानावर, जिथे ३०० यार्डांवरून नेम धरावा लागतो, तिथे ती शोभते. पण काडतुसं महाग, नळी लवकर तापते आणि लवकर झिजते. ही दुसरी रायफल म्हणून चांगली.

.२४३ विंचेस्टर कुणी घ्यावी? ज्याला याच रायफलीने हरणाचीही शिकार करायची आहे त्याने. हलक्या गोळीने कायोटी, ९५-१०० ग्रेनच्या गोळीने हरीण. टेक्सस आणि कॅन्ससमध्ये .२२३ ने हरीण मारता येतं, पण कोलोरॅडोत मोठ्या सावजासाठी किमान .२४ व्यासाची गोळी लागते, तिथे .२२३ बाद. धक्का .२२३ च्या दुपटीहून जास्त असतो, तरी प्रौढ माणसाला सहज झेपतो. एकच रायफल कायमची घ्यायची असेल तर .२४३ ला मी नाही म्हणणार नाही.

.१७ एचएमआर आणि .२२ मॅग्नम ही लहान, कमी ताकदीची रिमफायर काडतुसं फॉक्ससाठी शंभर यार्डांच्या आत ठीक, पण कायोटीला ती अपुरी पडतात आणि जनावर जखमी होऊन निसटतं. पूर्वेकडच्या दाट वस्तीच्या राज्यांत, झाडीत, ४० यार्डांवर कायोटी येत असेल तर रायफलीपेक्षा छऱ्यांची शॉटगनच बरी.

रायफल हातात घेऊन बघणं

बोल्ट-अ‍ॅक्शनच का? रचना सोपी आहे. एक खटका उचलून मागे ओढला की आतलं सगळं दिसतं. रायफल भरलेली आहे की रिकामी, यात शंका उरत नाही. आणि प्रत्येक गोळीनंतर हात हलवावा लागतो, त्यामुळे पहिल्याच गोळीचा विचार नीट होतो. एआर-१५ पद्धतीच्या सेमी-ऑटोने पुष्कळ लोक कायोटी मारतात आणि ती अचूकही असते, पण काही राज्यांत तिच्यावर बंदी आहे. नवख्याने आधी बोल्टवर हात बसवावा.

बेताच्या किमतीत आज चार-पाच नावं ऐकू येतील. सॅव्हेज अ‍ॅक्सिस सगळ्यात स्वस्त, साधारण चारशे डॉलरच्या आसपास. तिची ‘अ‍ॅक्सिस टू’ आवृत्ती थोडी महाग, पण तिच्यात अ‍ॅक्यूट्रिगर, म्हणजे हलका करता येणारा ट्रिगर मिळतो, आणि ते वरचे पैसे द्यावेत असं मी प्रत्येकाला सांगतो. साध्या अ‍ॅक्सिसचा ट्रिगर जड वाटतो, आणि जड ट्रिगर ओढताना नेमकी नळी हलते. २०१२ मध्ये आलेली रूगर अमेरिकन पाचशे-सहाशेच्या घरात जाते. तिचा बोल्ट ७० अंशांतच उघडतो, त्यामुळे हातमोजे घातलेल्या बोटांना वर स्कोप आडवा येत नाही. तिच्या ‘प्रेडेटर’ आवृत्तीची नळी जरा जाड आहे. मॉसबर्ग पॅट्रियट आणि विंचेस्टर एक्सपीआर याही याच पंक्तीतल्या. सहाशेच्या वर थोडं जाता आलं तर होवा १५०० बघा, तिचं लोखंडी काम या सगळ्यांत सरस आहे. यातली कोणतीही रायफल शंभर यार्डांवर दीड इंचाच्या आत तीन गोळ्या सहज बसवते. त्यामुळे अचूकतेच्या जाहिरातींवर वेळ घालवू नका. तुम्हाला बसते कोणती, ते शोधा.

ते काउंटरवरच शोधायचं. कायोटीची शिकार हिवाळ्यातली. तेव्हा जे जाड जाकीट घालणार आहात, ते ऑगस्टमध्ये दुकानात जातानाही सोबत न्या. विक्रेत्याला रायफल दाखवायला सांगा. तो बोल्ट उघडूनच देईल. नाही दिला तर तुम्ही उघडायला सांगा. घेतल्यावर नळीचं तोंड जमिनीकडे किंवा छताकडे, माणसांकडे कधीही नाही. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने पाहा, मग करंगळी घालून चाचपा. विक्रेत्याने नुकतंच पाहिलेलं असलं तरी तुम्ही पाहा. हा हाताचा रिवाज पहिल्या दिवसापासून पडला पाहिजे.

आता जाकीट घाला. भिंतीवरची एक सुरक्षित जागा विक्रेत्याला विचारून ठरवा. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. स्कोपमधून पूर्ण, गोल, उजळ चित्र दिसलं तर रायफल तुमच्या मापाची. कडेने काळी चंद्रकोर दिसत असेल, मान पुढे ताणावी लागत असेल किंवा गाल हवेतच राहत असेल, तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. बहुतेक रायफलींचा दस्ता ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंत पावणेचौदा इंच असतो. तो सहा फुटी माणसासाठी ठीक आहे. पाच-साडेपाच फुटांच्या माणसाला, त्यात जाड जाकीट घातलं की, तो लांब पडतो. त्यासाठी रूगर अमेरिकनची ‘कॉम्पॅक्ट’ साडेबारा इंचांची मिळते. आपल्याकडच्या स्त्रियांनी आणि लहान चणीच्या पुरुषांनी ती आवर्जून खांद्याला लावून पाहावी. विक्रेता ‘ती मुलांसाठी असते’ म्हणेल. म्हणू दे.

मग एक डॉलरची नोट काढा. नळी आणि दस्त्याचा पुढचा भाग यांच्यामध्ये ती घाला आणि मागे चेंबरकडे सरकवा. नोट अडखळता कामा नये. स्वस्त रायफलीचा प्लॅस्टिकचा दस्ता लवचिक असतो. एका हाताने पुढचा भाग आणि नळी एकत्र हलकेच आवळून पाहा. दोन्ही सहज भिडत असतील, तर स्टँडवर टेकवल्यावर दस्ता नळीला ढकलणार आणि गोळी भरकटणार. याने रायफल टाकाऊ ठरत नाही, पण शेजारच्या रायफलीत हा दोष नसेल तर ती घ्या.

दुकानदाराला विचारून रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढून पाहा. एकाच दाबाने स्वच्छ सुटला पाहिजे. खरखर, अडखळ नको. सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) अंगठ्याला लागते का? सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडून रायफल रिकामी करता येते का? येत असेल तर फार चांगलं, कारण अंधारात गाडीकडे परतताना हे रोजचं काम आहे. मॅगझिन काढून घालून पाहा, आणि सुटं मॅगझिन केवढ्याला मिळतं तेही विचारा.

नळीवर कोरलेले दोन तपशील वाचा. पहिला काडतुसाचा. नुसतं .२२३ लिहिलेलं असेल तर ५.५६ नाटोची काडतुसं त्यात घालू नका. दिसायला सारखी असली तरी त्यांचा दाब वेगळा असतो. उलट चालतं. दुसरा तपशील नळीच्या आतल्या पिळाचा. १:९ (नऊ इंचांत एक वेढा) असेल तर ५० ते ६० ग्रेनच्या गोळ्या उत्तम, आणि कायोटीला तेवढंच लागतं. १:८ असेल तर लांब, जड गोळ्याही स्थिर राहतात. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी, जिथे शिशाऐवजी तांबं वापरायचं आहे, तिथे १:८ घ्या, कारण तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांबीला जास्त असते.

जुनी रायफल घ्यायला हरकत नाही. सॅव्हेज ११० किंवा रेमिंग्टन ७०० चांगल्या स्थितीत, कधी स्कोपसकट, नव्याच्या किमतीत मिळून जाते. नळीच्या तोंडाची कड अभंग आहे का ते नखाने फिरवून पाहा, आतून उजेड धरून गंज बघा. रेमिंग्टन ७०० असेल तर एक गोष्ट नक्की तपासा. मे २००६ ते एप्रिल २०१४ या काळात एक्स-मार्क प्रो ट्रिगर लावून बनवलेल्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये परत मागवल्या होत्या, कारण चाप न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता. ट्रिगर बदलून घेतला आहे याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नका. आणि कोणतीही जुनी रायफल आधी गनस्मिथला, म्हणजे बंदुकांच्या कारागिराला, दाखवूनच पहिली गोळी झाडा.

स्कोप

रायफलीसोबत खोक्यातच बसवून येणारा स्कोप शक्यतो टाळा. फरक पन्नास-साठ डॉलरचा दिसतो, पण कायोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि स्वस्त काच नेमक्या त्याच वेळी काळवंडते. दोनशे डॉलरच्या आसपास व्होर्टेक्स क्रॉसफायर किंवा ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम यांच्या ३-९ पटींच्या, ४० मिलिमीटर काचेच्या स्कोपने वर्षानुवर्षं काम होतं. २४ पटींचा मोह नको. कॉल ऐकून कायोटी पळत चाळीस यार्डांवर येते, तेव्हा जास्त पटींच्या स्कोपमध्ये नुसते केस दिसतात आणि जनावर सापडत नाही. स्कोप तीन पटींवर ठेवून बसा, लांब उभी राहिली तर वाढवायला वेळ मिळतो.

स्कोप बसवण्याच्या कड्यांवर चाळीस डॉलर नीट खर्च करा. नेम ‘रोज बदलतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या रायफलीत बहुतेक वेळा हे स्क्रूच ढिले निघतात.

काडतुसं आणि नेम बसवणं

हजारातले साडेचारशे रायफलीला, दोनशे-अडीचशे स्कोप आणि कड्यांना, पन्नास-साठ कानांच्या संरक्षणाला, तेवढेच नेम टेकवायच्या दोन पायांच्या स्टँडला. उरलेले सगळे काडतुसांना. कानांवरचे पैसे वाचवू नका. रायफलीचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो आणि एकदा गेलेलं ऐकणं परत येत नाही. बारीक आवाज ऐकू देणारे आणि मोठा आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक मफ शिकारीतही घालता येतात.

शिकारीसाठी ५० ते ५५ ग्रेनची, टोकाला प्लॅस्टिक असलेली किंवा मऊ टोकाची गोळी. पूर्ण धातूच्या कवचाची, एफएमजे गोळी फक्त सरावाला. ती जनावरातून आरपार जाते, मागे जखमी जनावर उरतं, आणि दगडावर आपटून कुठेही उडते. दोन-तीन कंपन्यांचं एकेक खोकं घ्या. प्रत्येक नळीचं एखाद्या काडतुसाशी विशेष जमतं, आणि ते झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

रेंजवर पहिला कागद २५ यार्डांवर लावा. वाळूच्या पिशव्यांवर रायफल स्थिर टेकवा, बोल्ट काढून घ्या आणि मागून नळीतून पाहा. कागदावरचा काळा ठिपका नळीच्या मधोमध आणा. आता रायफल न हलवता स्कोपचे स्क्रू फिरवून आतली नेमाची फुलीही त्याच ठिपक्यावर आणा. बोल्ट घाला आणि एकच गोळी झाडा. समजा ती दोन इंच खाली लागली. स्कोपची एक टिकटिक शंभर यार्डांवर पाव इंच सरकवते, म्हणजे तिथे इंचाला चार. २५ यार्डांवर अंतर पाव, म्हणून टिकटिकी चौपट : इंचाला सोळा. दोन इंचांसाठी बत्तीस, वरच्या दिशेने. पुन्हा एक गोळी. ठिपक्याजवळ आली की कागद शंभर यार्डांवर न्या.

शंभरावर तीन-तीन गोळ्यांचे गट झाडा आणि मध्ये नळी थंड होऊ द्या. बेताच्या किमतीतल्या रायफलीची नळी बारीक असते. सलग दहा गोळ्यांनंतर ती तापते आणि गट पसरायला लागतो. तेव्हा लोक रायफलीला दोष देतात आणि स्कोप पुन्हा पुन्हा फिरवतात. नळी हाताला कोमट लागली की थांबा. पहिला गट ठिपक्यापासून कुठे पडला ते पाहा आणि गटाच्या मध्यावरून हिशेब करा, एकट्या चुकार गोळीवरून नको. गटाचा मध्य ठिपक्याच्या दीड इंच वर आला की .२२३ चा नेम साधारण २०० यार्डांवर बरोबर बसतो. म्हणजे दोनशेच्या आत कुठेही छातीच्या मधोमध फुली धरायची, वर-खाली करायची गरज नाही. तीनशेवर मात्र तीच गोळी सहा-सात इंच खाली जाते. वाऱ्याचंही ध्यानात ठेवा : ताशी दहा मैलांचा आडवा वारा दोनशे यार्डांवर तिला सुमारे चार इंच ढकलतो.

नेम बसला की टेबल सोडा. यापुढची सगळी काडतुसं जमिनीवर बसून, गुडघ्यावर, स्टँडवर टेकवून झाडा, कारण रानात टेबल नसतं. चार इंचांच्या ताटलीवर नेम धरा, कायोटीच्या छातीतली मर्माची जागा साधारण तेवढीच असते. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या ताटलीवर बसतात, ते तुमचं अंतर. पहिल्या हंगामात बहुतेकांचं ते शंभर-सव्वाशे यार्ड भरतं. तेवढ्यातच शिकार करा. पुढे उभी असलेली कायोटी सोडून द्यायला जीव तुटतो, पण पोटात गोळी घेऊन गेलेलं जनावर दिवसभर तडफडतं.

चाप ओढण्याआधी

जनावर ओळखायला स्कोप वापरू नका, गळ्यात साधी दुर्बीण ठेवा. स्कोपमधून बघणं म्हणजे नळी रोखणं, आणि समोर कुणाचा कुत्रा किंवा कुणी माणूसही असू शकतो. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात हाइड, डेअर, टिरेल, वॉशिंग्टन आणि बोफर्ट या पाच काउंट्यांत लाल लांडगा आहे. तो दिसायला कायोटीसारखा असतो आणि जगात रानात तेवढ्याच भागात उरला आहे. तिथे कायोटीच्या शिकारीचे नियम त्यासाठीच वेगळे आहेत. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मेक्सिकन लांडगा आहे. नवख्याने या भागांत एकट्याने जाऊ नये.

जनावराच्या मागे काय आहे ते बघा. टेकडीच्या माथ्यावर, आभाळासमोर उभ्या कायोटीवर गोळी झाडायची नाही. चुकलेली .२२३ ची गोळी मैलाच्याही पुढे जाऊ शकते. मागे माती हवी.

जमिनीची परवानगी आधी घ्या. कॅन्ससमध्ये जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे. सरकारने शिकारीसाठी भाड्याने घेतलेली ‘वॉक-इन’ शेतं नकाशात दाखवलेली असतात, तिथून सुरुवात करा. कुंपणाच्या खांबावर किंवा झाडावर जांभळा रंग दिसला तर पाटी नसली तरी टेक्ससमध्ये त्याचा अर्थ ‘आत येऊ नका’ असाच आहे, आणि कॅन्ससमध्ये ‘लेखी परवानगीशिवाय शिकार नको’ असा. मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांकडे दिवसाउजेडी, शिकारीचे कपडे न घालता जाऊन भेटा. आपण कोण, कुठे राहतो, कोणती गाडी असेल ते सांगा. परवानगी मिळाली तर प्रत्येक फाटक जसं होतं तसंच बंद करून या.

घरी आणि प्रवासात

रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. घरात मुलं असतील तर बोल्ट काढून तिसरीकडे ठेवा. बोल्टशिवाय रायफल नुसतं लोखंड आहे. घरी आल्यावर नळी पुसताना गज चेंबरच्या बाजूने घाला, तोंडाकडून नको. बर्फातून आलेली रायफल लगेच पेटीत ठेवू नका, गरम खोलीत तिच्यावर दव धरतं आणि गंज चढतो. आधी कोरडी होऊ द्या, मग तेलाचा हलका हात फिरवा.

शिकारीची पिशवी आणि जाकीट त्या कामापुरतंच ठेवा. तीच पिशवी घेऊन डिसेंबरात मुंबईला जायचं नाही. कप्प्याच्या शिवणीत राहिलेलं एक जिवंत काडतूस क्ष-किरणांत दिसलं की १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ते चुकून राहिलं होतं हे कोर्टापुढे सांगावं लागतं, आणि तोवर पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि सुट्टी सगळंच अडकतं. रिकामी पुंगळीही सोबत नको. हंगाम संपला की पिशवीचे आणि जाकिटाचे सगळे खिसे उलटे करून झटका, काडतुसं मोजून खोक्यात भरा आणि खोकं कुलपात टाका.